रणगाड्यांच्या अंगणात



आज मी तुम्हाला एका प्रवासाची गोष्ट सांगणार आहे. देवदर्शनाची नाही, लग्नाचीही नाही. मी रणगाडे पाहायला गेले होते!

आमचं गाव नालवाडी. १९३८ साली पवनारला जाण्यापूर्वी विनोबा काही वर्षं इथंच राहिले. त्याच विनोबांनी १७ ऑक्टोबर १९४० ला पवनारला युद्धाविरुद्ध भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. अशा गावची मी सून. आणि माझा धाकटा मुलगा रोज पहाटे अग्निवीर भरतीसाठी धावतो. सोळाशे मीटर किती वेळात झाले, ते दारातूनच ओरडून सांगतो. मी मात्र वर्षभर त्याला हो म्हणाले नव्हते.

फौजेची भीती आपल्या जिल्ह्याला नवी नाही. २०१६ साली ३० मेच्या मध्यरात्रीनंतर पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली. लष्करी अधिकारी गेले, आग विझवणारे कर्मचारी गेले. तिथं लढाई नव्हती, तरी माणसं गेली. ती रात्र माझ्या मनातून जात नाही.

दिवाळीनंतर नणंदेकडे नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला जायचं ठरलं. महाराष्ट्र एक्सप्रेसचा प्रवास. मुलाची एकच अट: "आई, तिथलं रणगाडा संग्रहालय पाहाचंच!" नणंदेचे यजमान, आमचे भाऊजी, फौजेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "वहिनी, तुम्हीही चला. घरी बसून भीती कमी होत नाही."

हे संग्रहालय चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्रानं १९९४ साली उभं केलं. झाडांखाली, मोकळ्या अंगणात देशोदेशीचे रणगाडे ओळीनं उभे आहेत. सगळ्यात जुन्यांपैकी एक म्हणजे रोल्स रॉइसची चिलखती गाडी. पुढं सेंच्युरियन. पन्नास टनांचं धूड, आणि आत माणसं फक्त चार. मुलगा म्हणाला, "आई, आतमंदी किती उकडत असन वं!" मी म्हटलं, "मग? तुले पंखा लावून देतील का?" तो हसला, पण नंतर बराच वेळ गप्प होता.

तिथं पॅटन रणगाडाही आहे. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानची सगळी भिस्त याच्यावर होती. भाऊजींनी असल उत्तरची लढाई समजावून सांगितली. पंजाबात आपल्या सैन्यानं कालवे फोडून शेतांत पाणी सोडलं. उभ्या उसात, चिखलात पॅटन रुतले आणि आपल्या तोफांच्या तोंडी आले. जीपवरच्या तोफेनं पॅटन फोडणारे अब्दुल हमीद याच लढाईत शहीद झाले. हे मात्र मला लगेच कळलं. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत ट्रॅक्टर रुतला की काय होतं, ते आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही.

पण मला हलवून सोडलं ते लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांच्या गोष्टीनं. मुंबईत जन्मलेले, पूना हॉर्सचे प्रमुख. जखमी असूनही त्यांनी मैदान सोडलं नाही. १६ सप्टेंबर १९६५ ला ते पडले, पुढं परमवीरचक्र मिळालं. मरणाआधी त्यांनी सहकाऱ्याला सगळं सांगून ठेवलं होतं: माझा अंत्यसंस्कार रणभूमीवरच करा, प्रार्थनेचं पुस्तक आईला द्या, सोन्याची साखळी पत्नीला, अंगठी मुलीला, कडं आणि पेन मुलाला. त्याच पूना हॉर्सचे अरुण खेत्रपाल. १६ डिसेंबर १९७१, वय अवघं एकवीस. रणगाडा पेटला, मागे या म्हणून हुकूम आला, पण तोफ चालते आहे म्हणून ते थांबले. त्यांनाही मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं.

मैत्रिणींनो, एकवीस म्हणजे आपल्या लेकराचंच वय. मी तिथल्या बाकावर बसले आणि रडले. रणगाड्याचं वजन, तोफेचा पल्ला सगळं तिथं लिहिलेलं असतं. ते पुस्तक हातात घेणाऱ्या आईचं काय झालं, हे कुठल्या पाटीवर लिहायचं?

पण एक गोष्ट मला तिथंच उमगली. त्या माणसानं मरणाचं बोलणं टाळलं नव्हतं. टाळत होते ती मी. वर्षभर मी फक्त "नाही" म्हणत होते. का नाही, ते कधी बोललेच नव्हते.

परतीच्या गाडीत आम्ही मायलेक पहिल्यांदा मोकळं बोललो. अग्निवीर म्हणजे चार वर्षं. त्यानंतर शंभरातले पंचवीसच कायम होतात. बाकीचे परत येतात. मग पुढं काय? तुला काही झालं तर आम्ही काय करायचं? त्यानं ऐकलं. तो म्हणाला, "मले भेव वाटत नाही असं नाही, आई." हे वाक्य ऐकलं आणि माझा जीव थोडा खाली बसला. ज्याला भीती कळते, तो विचार करून पाऊल टाकतो.

मी हो म्हटलं आहे. अट एकच: पदवीचं शिक्षण सोडायचं नाही. युद्ध नको, असं मला आजही वाटतं. विनोबांच्या गावात राहून दुसरं काय वाटणार? पण सीमेवर कोणाचं तरी लेकरू उभं असतं, म्हणून माझ्या अंगणात शांतता आहे, हेही मला आता नाकारता येत नाही.

तुमच्या घरी कोणी भरतीची तयारी करत असेल तर त्याला नुसता ओवाळू नका आणि नुसता अडवूही नका. त्याच्याजवळ बसा, विचारा, बोला.