अमेरिकेंतील चिनी बुफे

अमेरिकेंतील एखाद्या मध्यम वस्तीच्या गांवाबाहेर, हमरस्त्यालगत, मोटारी उभ्या करण्यासाठीं सोडलेल्या प्रशस्त पटांगणाच्या कडेला एक लांबट, बसकी इमारत बहुधा हटकून आढळते. तिच्या दर्शनी भागावर तांबड्या अक्षरांत ‘राजवाडा’ किंवा ‘मोठी भिंत’ अशा अर्थाचें भारदस्त नांव असतें आणि त्या नांवापुढें ‘बुफे’ हा फ्रेंच शब्द जोडलेला असतो. नांव चिनी, शब्द फ्रेंच, गिऱ्हाईक अमेरिकन. आणि गल्ल्याजवळ पंजा हालवीत बसलेलें सोनेरी मांजर पाहावें तर तें मूळचें जपानी! मात्र ती खानावळ चालविणारें कुटुंब व तेथें राबणारे आचारी हे बहुधा खरोखरीच चिनी असतात, आणि ते तेथवर कसे येऊन पोहोंचले ही हकीकत त्या जेवणाइतकीच सांगण्याजोगी आहे.

आंत शिरल्यावर माणशीं ठराविक रक्कम द्यावी लागते. दुपारचा दर कमी, रात्रीचा व सुट्टीच्या दिवसाचा अधिक, आणि मुलांचा दर त्यांच्या वयाप्रमाणें. पैसे दिले कीं हिशेब संपला. त्यापुढें कोणी किती खावें याला मोजमाप नाहीं. दालनाच्या मधोमध पोलादी मांडण्यांच्या रांगा असतात. त्यांत तापलेल्या पाण्यावर उथळ तसराळीं बसविलेलीं असतात व वरतीं तिरपी कांच असते. ही कांच शोभेची नव्हे. गिऱ्हाइकाची शिंक किंवा श्वास अन्नावर पडूं नये म्हणून ती असते, आणि तिच्या पेटंटसाठीं जॉनी गार्नो नांवाच्या एका उपाहारगृहाच्या मालकानें १९५९ सालीं अर्ज केला होता. गरम अन्न ५७ अंश सेंटिग्रेडच्या खालीं आणि थंड अन्न ५ अंशांच्या वर जाऊं देऊं नये, असें तेथील आदर्श अन्ननियमावली सांगते. वाफाळणाऱ्या त्या तसराळ्यांकडे पाहून ज्याला नुसती चैन दिसते, त्याला मागच्या बाजूस दर कांहीं वेळानें उष्णतामापक घेऊन फिरणारा नोकर दिसत नाहीं.

महाराष्ट्रांतील पंगतीची ज्याला संवय आहे त्याला हा प्रकार प्रथम उफराटा वाटतो. पंगतींत माणूस बसलेला असतो आणि अन्न फिरतें. येथें अन्न बसलेलें असतें आणि माणूस फिरतो. पंगतींत वाढपी असतो, यजमानाचा आग्रह असतो, आणि पानांत टाकणें हा यजमानाचा अपमान ठरतो. बुफेंत आग्रह करणारा कोणी नाहीं. आग्रह करावयाचा तो स्वतःच्या जिव्हेनें! त्यामुळेंच तेथें ताटांत टाकलेल्या अन्नाबद्दल जादा पैसे घेतले जातील अशी पाटी पुष्कळदां लावलेली दिसते. जी मर्यादा पंगतींत संकोचानें राखली जाते ती येथें पाटीनें राखावी लागते, एवढाच फरक.

इतकें अन्न इतक्या अल्प दरांत देऊन मालकाला उरतें तरी काय, असा प्रश्न सहज पडतो. याचें उत्तर मांडणींतच आहे. रांगेच्या आरंभीं भात, शेवया, तळलेल्या गुंडाळ्या, बटाटे असे स्वस्त व पोट लवकर भरणारे पदार्थ येतात. कोळंबी, खेकड्याच्या नांग्या, भाजलेलें गोमांस हे महाग पदार्थ बहुधा शेवटीं, आणि तेही रात्रीच्या किंवा सुट्टीच्या दिवशींच्या जेवणांत. ताटल्या लहान, पळ्या त्याहून लहान. सोडावॉटरसारख्या पेयांचे पैसे निराळे, आणि त्यांत नफा उदंड. शिवाय वाढपी लागत नाहींत. चारपांच आचारी, दोनतीन ताटल्या उचलणारे आणि गल्ल्यावर घरचें माणूस एवढ्यांत शेंदीडशें गिऱ्हाइकांची व्यवस्था लागते. एखादा बकासुर आला तर त्याच्यावर तोटा होतो, परंतु त्याच्याबरोबर आलेली वृद्ध आई व लहान मूल तो भरून काढतात.

हवें तितकें घ्या ही कल्पना चिनी लोकांनीं अमेरिकेला दिली कीं अमेरिकेनें त्यांना दिली, याचा निकाल एका वाक्यांत लागत नाहीं. अमेरिकन लोकांना स्वतः उठून वाढून घेण्याची गोडी लागली ती मुख्यतः १९३९ च्या न्यूयॉर्क येथील जागतिक प्रदर्शनांत स्वीडनच्या दालनांतील भोजनानें. पुढें १९४० नंतरच्या दशकांत लास व्हेगासच्या जुगारी हॉटेलांनीं, खेळणारा माणूस भुकेच्या निमित्तानें बाहेर पडूं नये म्हणून, अपरात्रीं स्वस्त बुफे मांडण्यास आरंभ केला. परंतु त्याच्या कितीतरी आधीं, १८४९ च्या सुमारास, कॅलिफोर्नियांत सोन्याच्या शोधांत आलेल्या गर्दीसाठीं सॅन फ्रॅन्सिस्कोंत एका डॉलरांत हवें तितकें जेवण घालणाऱ्या चिनी खानावळी होत्या, असें जुन्या वर्णनांत आढळतें.

त्या खानावळींच्या मालकांचे देशबांधव पुढें रेल्वेचे रूळ घालावयास उपयोगी पडले, आणि काम संपल्यावर डोळ्यांत खुपूं लागले. १८८२ सालीं अमेरिकन काँग्रेसनें कायदा करून चिनी मजुरांना देशाचीं दारें बंद केलीं. एका विशिष्ट राष्ट्राच्या मजुरांना नांव घेऊन मज्जाव करणारा असा कायदा त्या देशांत पूर्वीं झालेला नव्हता. व्यापाऱ्यांना मात्र त्यांत सवलत होती. खानावळवाला हा व्यापारी कीं मजूर, हा वाद कित्येक वर्षें चालला व १९१५ सालीं एका न्यायालयानें तो खानावळवाल्याच्या बाजूनें निकालांत काढला. मोठ्या उपाहारगृहांत भांडवल घालून जो स्वतः वर्षभर व्यवस्था पाहील, आणि त्या काळांत ताटल्या विसळणें किंवा वाढणें असलें हलकें समजलें जाणारें काम करणार नाहीं, त्याला व्यापारी मानावें असें ठरलें. मग काय! दहावीस नातेवाइकांनीं पैसे एकत्र करावे, एक उपाहारगृह काढावें, आणि भागीदारांनीं पाळीपाळीनें वर्षवर्ष व्यवस्थापक होऊन आपापलीं माणसें चीनमधून आणावीं, असा क्रम सुरू झाला. अमेरिकेंतील चिनी उपाहारगृहांची संख्या त्यानंतर झपाट्यानें वाढली तिचें एक कारण अमेरिकन जिभेंत नसून या पळवाटेंत आहे. १९४३ सालीं युद्धांत चीन दोस्त झाल्यावर तो कायदा रद्द झाला, पण वर्षाकाठीं प्रवेश किती जणांना? अवघ्या १०५ माणसांना! खरा दरवाजा उघडला तो १९६५ च्या कायद्यानें.

त्यानंतर, विशेषतः १९८० नंतरच्या काळांत, दक्षिण चीनमधील फूजियान प्रांतांतून लोंढा सुरू झाला. त्यांतील अनेकांजवळ कायदेशीर परवाना नव्हता. दलालांना तीसतीस हजार डॉलर देण्याचें कबूल करून, गांवांतील सावकार व आप्त यांच्याकडून कर्ज काढून, तरुण माणसें जहाजांच्या तळघरांत बसून निघत. ६ जून १९९३ रोजीं ‘गोल्डन व्हेंचर’ नांवाचें असेंच एक जहाज न्यूयॉर्कजवळ वाळूंत रुतलें. त्यावर २८६ उतारू होते. थंडगार पाण्यांत उड्या टाकून किनारा गांठण्याच्या धडपडींत १० जण प्राणांस मुकले. वांचलेल्यांपैकीं कित्येकांना परत धाडण्यांत आलें, आणि कांहींजण जवळजवळ चार वर्षें पेनसिल्व्हेनियांतील तुरुंगांत राहिले. तेथें वेळ जाईना म्हणून ते कागदाच्या घड्या घालून गरुड व नौका घडवीत बसत.

असल्या कर्जाखालीं आलेल्या माणसाला भाषा येत नसतां कोठें काम मिळावें? न्यूयॉर्कच्या चिनी वस्तींत, मॅनहॅटन पुलाच्या खालीं, नोकऱ्या मिळवून देणारीं लहान लहान दुकानें असत. तेथील भिंतीवर चिठ्ठ्या चिकटविलेल्या: आचारी पाहिजे, पगार इतका, बसचा प्रवास इतक्या तासांचा, आणि गांवाच्या नांवाऐवजीं तेथील टेलिफोनचा तीन आंकडी क्रमांक. कित्येकांना आपण कोणत्या संस्थानांत, म्हणजे अमेरिकन भाषेंत कोणत्या राज्यांत, काम करीत आहों हें ठाऊक नसे; क्रमांक तेवढा पाठ असे. रात्रीच्या बसनें जावें, आठवड्याचे सहा दिवस बाराबारा तास कढईपुढें उभें राहावें, मालकानें दिलेल्या खोलींत दाटीवाटीनें निजावें, आणि पगार गांवीं धाडावा. बुफेचा दर अल्प ठेवतां येतो तो नुसत्या मांडणीच्या चातुर्यानें नव्हे, हें सांगितल्यावांचून वरचा हिशेब पुरा होत नाहीं.

आतां त्या पदार्थांविषयीं. त्या रांगेंतील निम्मे जिन्नस चीनमधील माणसाला अनोळखी वाटतील. ब्रोकोली घातलेलें गोमांस घ्या; ती भाजीच मुळीं पश्चिमेकडची. खेकड्याच्या नांवानें मलईचें चीज भरून तळलेल्या पुड्या घ्या. त्यांना रंगूनचें नांव आहे, आणि रंगूनशीं त्यांचा कांहींएक संबंध नाहीं. सर्वांत लोकप्रिय जें ‘जनरल त्सो’चें कोंबडें, त्याची कथा तर मोठी गमतीची आहे. झुओ झोंगतांग हा एकोणिसाव्या शतकांतील हूनान प्रांताचा एक नामांकित सेनापति. १८८५ सालीं तो वारला, आणि हें कोंबडें त्यानें कधीं चाखलें नाहीं. त्याच्याच प्रांतांतला पेंग चांगक्वेई नांवाचा आचारी १९४९ च्या सत्तांतराच्या वेळीं तैवानला गेला. त्यानें हा पदार्थ तेथें योजिला तो आंबट, तिखट व खारट होता. १९७० नंतर न्यूयॉर्कला तो पोहोंचल्यावर अमेरिकनांसाठीं त्यांत साखर पडली, आणि तीच चव कायम झाली. पेंग २०१६ सालीं वारला. साखरेचा प्रकार त्याला अखेरपर्यंत मान्य नव्हता. पण मुंबईकरांनीं यावर फार हंसूं नये. मांचूरियांत कोणाला ठाऊक नसलेलें ‘चिकन मांचूरियन’ मुंबईतच जन्मलें, आणि १९७५ च्या सुमारास तें करण्याचें श्रेय कलकत्त्यांत जन्मलेल्या नेल्सन वँग या चिनी आचाऱ्याला दिलें जातें.

अमेरिकेंत राहणाऱ्या महाराष्ट्रीय कुटुंबांना या खानावळी परक्या नाहींत. मुलांना आवडतें व खर्च आधीं समजतो, या दोन गोष्टी पुरेशा आहेत. शाकाहारी माणसानें मात्र थोडें जपून असावें. भातांत अंडें उघड दिसतें, पण भाजीच्या रश्शांत कालवांचा अर्क किंवा कोंबडीचें पाणी असलें तर तें डोळ्यांना दिसत नाहीं, विचारावें लागतें. विचारल्यास बहुतेक ठिकाणीं मालकीणबाई आंत जाऊन साधी भाजी निराळी परतून आणवितात.

दुपारची गर्दी ओसरल्यावर कोपऱ्यांतल्या एका टेबलाभोंवतीं घरचीं माणसें जेवावयास बसतात. त्यांच्यापुढें बहुधा बुफेंतलें कांहीं नसतें. साधा भात, उकडलेला मासा, हिरवी पालेभाजी आणि पातळ सूप. शेजारच्याच टेबलावर धाकटीं मुलें शाळेचा अभ्यास करीत असतात, व टेलिफोन वाजला कीं त्यांतलेंच एखादें दहा वर्षांचें मूल अस्खलित इंग्रजींत मागणी लिहून घेतें. कारण आईवडिलांना तें जमत नाहीं.

२०२० सालीं महामारी आली तेव्हां सर्वांनीं एकच पळी हाताळण्याची ही पद्धत सरकारी हुकमानें ठिकठिकाणीं बंद झाली. पुष्कळ बुफे पुन्हां उघडलेच नाहींत. कांहींनीं वजनावर अन्न बांधून देण्यास आरंभ केला, आणि जे टिकले त्यांनीं दर वाढविले. परंतु रोगापेक्षां निराळें असें एक कारण आधींपासूनच काम करीत होतें. कोपऱ्यांतल्या टेबलावर अभ्यास करणारीं तीं मुलें मोठीं होऊन डॉक्टर, हिशेबनीस, इंजिनियर झालीं; गल्ल्यावर बसावयास त्यांतलें कोणी परत आलें नाहीं, आणि यावें अशी आईबापांचीही इच्छा नव्हती. न्यूयॉर्कच्या चिनी वृत्तपत्रांत चालू खानावळी विकणें असल्याच्या जाहिराती येतात: बसण्याच्या जागा इतक्या, भाडें इतकें, मालक निवृत्त होत आहेत.