काउंटरच्या अलीकडून ऐकलेलं गाणं



मला कवितेवर बोलायला उभं केलंय, पण मी एका तबकडीवर बोलणार आहे. नाव 'अननोन प्लेझर्स', म्हंजे अनोळखी सुखं. जून १९७९ मध्ये मँचेस्टरच्या 'फॅक्टरी रेकॉर्ड्स'नं काढली. वाजवणारी चार पोरं, गटाचं नाव जॉय डिव्हिजन. आमच्या टोळीतला एकजण म्हणतो, गोऱ्या पोरांच्या रडगाण्यात तुझं काय पुरलंय? प्रश्न रास्त आहे.

तर ऐका. ही काही सरदारांची पोरं नव्हती. गाणारा इयन कर्टिस, मॅकल्सफील्डच्या सरकारी रोजगार कचेरीत कारकून. बास वाजवणारा पीटर हूक, त्यानं मँचेस्टर शिप कॅनॉल कंपनीत नोकरी केली. आडनाव हूक, आणि गोणीला लावायचा आमच्या हातातला तोही हूकच, हे मला उगाच बरं वाटतं. १८९४ साली तो कालवा सुरू झाला आणि समुद्रातली जहाजं थेट सॅल्फर्डच्या गोदीत यायला लागली. १९८२ ला ती गोदी बंद पडली. ज्या गिरण्यांच्या जिवावर हे शहर उभं राहिलं, त्यांना अमेरिकेतल्या यादवीच्या काळात, १८६१ ते १८६५, कापूस मुंबईहून जायचा. गाठी इथल्या हमालांनीच लादल्या. तेव्हा हे शहर मला परकं नाही. रिकामी वखार कशी वाजते हे गोदीवाल्याला कुणी शिकवावं लागत नाही, आणि ही तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत रिकाम्या वखारीसारखी वाजते.

तो आवाज मार्टिन हॅनेट नावाच्या निर्मात्यानं काढला. स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत, एप्रिल १९७९ मध्ये. त्यानं ड्रमवाल्या स्टीफन मॉरिसला एकेक ढोल सुटासुटा वाजवायला लावला. काचा फोडल्या, फवाऱ्याच्या डब्याची फुस्स ताल म्हणून वापरली. वाजवणाऱ्यांपैकी दोघांना हे बिलकूल पटलं नव्हतं. त्यांना स्टेजवरचा धडधडाट हवा होता. मला विचाराल तर हॅनेटचं बरोबर होतं. धडधडाट कोणीही करतो. दोन ठोक्यांमधला अंधार ऐकू आणणं वेगळं.

आता खरं बोलायचं ते. त्यात एक गाणं आहे, 'शीज लॉस्ट कंट्रोल'. कर्टिसच्या कचेरीत एक तरुण मुलगी काम मागायला यायची. तिला फेफरं यायचं. मग ती यायची बंद झाली. पुढं त्याला कळलं, फेफऱ्यातच ती गेली. आणि १९७९ च्या जानेवारीत डॉक्टरांनी खुद्द त्यालाच तो रोग असल्याचं सांगितलं.

मित्रांनो, मी काउंटरच्या अलीकडे उभा राहिलेला माणूस आहे. पलीकडचा मान वर करत नाही. "झेरॉक्स आणा, पुढच्या सोमवारी या." माझा बाप त्या सोमवारांत म्हातारा झाला. म्हणून पलीकडच्या एका कारकुनानं मान वर केली, समोरची मुलगी पाहिली आणि घरी जाऊनही ती त्याच्या डोक्यातून गेली नाही, ही गोष्ट मला हलवते. पण हेही बोललं पाहिजे की गाण्यात तिला नाव नाही. गाणं त्याचं झालं, टाळ्या त्याला, मरण तिचं. मला गाणं आवडतं आणि हे खुपतंही. दोन्ही एकदमच.

कव्हर बघा. काळ्यावर पांढऱ्या लाटा, पुढं गटाचं नावसुद्धा नाही. लोक डोंगर समजतात. तो एका ताऱ्याचा स्पंद आहे, आरेसिबोच्या दुर्बिणीनं टिपलेला. हा तारा १९६७ मध्ये पहिल्यांदा सापडला जॉसलिन बेल नावाच्या विद्यार्थिनीला. दुर्बीण उभारताना तिनं स्वतः घण चालवला, मग कागदाच्या लांबच लांब पट्ट्या डोळ्यांनी तपासल्या. १९७४ चं नोबेल मिळालं तिच्या मार्गदर्शकाला आणि आणखी एका पुरुषाला. २०१८ मध्ये तिला तीस लाख डॉलरचं दुसरं बक्षीस मिळालं, ते तिनं ज्यांना विज्ञानात शिरकाव नसतो अशा पोरांच्या शिष्यवृत्तीला देऊन टाकलं. आज ते चित्र टी-शर्टवर विकलं जातं. घालणाऱ्याला विचारा, बेल कोण?

आणि गटाचं नाव. नाझींच्या छळछावण्यांत बायकांना जिथं भोगासाठी कोंडलं जाई, त्या जागेचं नाव एका कादंबरीतून ह्यांनी उचललं. त्याला माझी माफी नाही. दुसऱ्याच्या जखमेचं नाव आपल्या पाटीवर लावायचं नसतं. आपल्या आयाबहिणींच्या नावानं शिव्या बनलेल्या आपण ऐकल्यात, आपल्याला हे समजावून सांगायला नको.

आता टोळीवाल्याचा दुसरा वार. ह्यात लढा कुठाय? नाही. घोषणा एकही नाही. कर्टिसनं १८ मे १९८० ला, वयाच्या २३ व्या वर्षी, जीव दिला, आणि त्याच्या मरणाची पूजा मांडणाऱ्यांचा मला संताप येतो. त्याला औषधपाणी, झोप आणि रजा हवी होती, देव्हारा नव्हे. पण मोर्चाहून परतलेला माणूस रात्री दोनला खोलीत एकटा असतो, तेव्हा त्याच्या छातीत काय चालतं ह्यावर आपण किती लिहिलंय? ते लिहिलं की म्हणतात खचला. मी खचलेलो नाही. पहाटेच्या पाळीला वेळेवर असतो. ही तबकडी ऐकूनच जातो.

एका बाजूवर 'बाहेर' असं छापलंय, दुसरीवर 'आत'. आपल्याकडे वेळ कमी आहे, म्हणून फक्त 'आत' लावतो. स्पीकर एकच आहे, जरा पुढं सरकून बसा.