पांढरे सांभाळा



कामगार संघटनेतला माणूस पाणपक्ष्यांच्या छायाचित्रांवर काय बोलणार, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात बरेच झाले. कॅमेराही मी तसाच शिकलो, आणि शिकण्याची जागा होती लोणी काळभोरजवळचे कवडीपाट. पुण्यात संगमावर एक झालेली मुळा-मुठा तेथे उथळ होऊन पसरते. हिवाळ्यात चक्रवाक, तुतारी हे पाहुणे उतरतात आणि शेकाट्यांचे थवे चिखलात चरत असतात.

शेकाट्या छायाचित्रकाराची परीक्षाच पाहतो. पाठ काळी, पोट पांढरेशुभ्र, पाय लांब आणि गुलाबी. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक बहुधा साऱ्या दृश्याची सरासरी काढतो आणि ती मधल्या करड्या छटेवर आणू पाहतो. सरासरी किती फसवी असते, हे वेतनकराराला बसणाऱ्यांना सांगायला नको! भोवती काळपट पाणी असले, की मापक प्रकाश वाढवतो आणि पक्ष्याचे पोट कोरे पडते. पिसाची एक रेघ दिसत नाही. अशा वेळी प्रकाश सुमारे एक स्टॉप कमी करावा. पहाटेच्या धुक्यात उलटे घडते. धुके मळकट दिसते, पक्षी काजळतो. तेथे तितकाच वाढवावा, मात्र पांढरे सांभाळून. कारण अंधारात दडलेला तपशील 'रॉ' फाइलीतून बराचसा वर काढता येतो, थोडे दाणे दिसतात एवढेच. जळालेले पांढरे परत येत नाही.

आता संगणकावरच्या संस्कारांविषयी. सावली उजळणे, धुक्याची निळी झाक कमी करणे, कडा छाटणे, हे सारे रास्त आहे. डोळ्यांना दिसले पण यंत्राला धरता आले नाही, ते आपण भरून देतो. छाटताना पाण्यातले प्रतिबिंब अर्धे तोडू नये, एवढे पथ्य पाळावे.

परंतु कवडीपाटच्या शेकाट्याच्या पायांशी प्लॅस्टिकच्या पिशव्या असतात, फेस असतो. ते आज क्षणात पुसता येते. कोणी म्हणेल, चित्र सौंदर्यासाठीच ना? मग थांबावे, खाली बसावे, स्वच्छ पाण्याचा तुकडा शोधावा. जागा निवडणे हा पाहणाऱ्याचा हक्क आहे. पुसणे हा नव्हे. कोणी पुसलेच, तर चित्राखाली तसे लिहावे. यंत्रात सापडलेल्या हाताचा फोटो चौकशीपुढे ठेवताना कोणी जखम पुसतो काय?

तो फेस आणि त्या पिशव्या आपल्या शहरातून गेलेल्या आहेत. हेच पाणी पुढे भीमेला मिळते आणि १९८० साली पुऱ्या झालेल्या उजनी धरणात जाते. भिगवणला त्याच जलाशयावर रोहित पक्षी पाहायला आपण हौसेने जातो. श्रोतेहो, नदी साफ करणे अवघड आहे, हे मी जाणतो. पण चित्रातली घाण आपणच पुसू लागलो, तर नदीतली घाण कोणाच्या नजरेस आणणार?