जेवणाची घाई आणि वाढते वजन

सभा लांबते, एस. टी. गाठावयाची असते आणि पाच मिनिटांत डबा संपविला जातो. आतड्यांतील संप्रेरकांनी तृप्तीचा संदेश मेंदूस पोहोचविण्यास मात्र साधारणतः २० मिनिटे लागतात. तोवर एखादी भाकरी अधिकच गेलेली असते! जपानमध्ये ३,२८७ प्रौढांच्या पाहणीत (२००८) भरभर व पोट गच्च होईतो जेवणाऱ्यांत स्थूलतेचा संभव सुमारे तिप्पट आढळला. चरकसंहितेच्या विमानस्थानात घाई वर्ज्य मानली आहे. पण फार रेंगाळणेही. कारण अन्न निवते, तृप्ती होत नाही व अधिक खाल्ले जाते. घास नीट चावून गिळल्यावरच दुसरा उचलावा, पुन्हा वाढून घेण्यापूर्वी थोडे थांबावे. गोड चहा व तळलेले फरसाण चालूच राहिल्यास मात्र केवळ चावण्याने वजन उतरणार नाही.