नवा ईसीएम बसवला, तरी दिवा पेटलेलाच

अहिल्यानगर जिल्ह्यात गळीत हंगाम सुरू झाला की उसाचा ट्रक एक दिवस उभा राहिला तरी मालकाला तोटा. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-सहा हे प्रदूषणाचे निकष लागू झाले. या निकषांच्या ट्रकांत डिझेल किती आणि केव्हा फवारायचे, हे ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कंट्रोल मॉड्यूलच ठरवतो.

तो बदलूनही इंजिनाचा दिवा विझत नसेल, तर नवा भागच खराब निघाला असे लगेच धरू नका. त्यात तुमच्याच गाडीचे प्रोग्रामिंग आहे का, इंजेक्टरचे कोड भरलेत का, हे आधी स्कॅनरवर पाहा. मग वायरिंग. दोष पुष्कळदा इथेच सापडतो: अर्थिंग गंजलेली, कनेक्टरमध्ये पाणी, पिन वाकलेली. बॅटरी सोडवून कॅन लाइनच्या, म्हणजे ईसीएमला इतर मॉड्यूलशी जोडणाऱ्या, दोन तारांना मीटर लावा. साधारण ६० ओहम यावेत. १२० आले, तर एका टोकाचा रेझिस्टर गेलाय किंवा मधली तार तुटलीय.

हंगामापूर्वी हौद्याला वेल्डिंग करताना बॅटरीच्या तारा आणि ईसीएमचे कनेक्टर काढाच. वेल्डिंगच्या करंटने ईसीएम जळू शकतो. आणि मालकांनो, जुना कशाने गेला हे मेकॅनिककडून समजून घेतल्याशिवाय नवा जोडू देऊ नका.