आत्मविश्वास : शब्द आणि आचार

(वार्षिक संमेलनातील गुणगौरव-समारंभात केलेले भाषण)



परीक्षेत अपयश आलेल्या मुलाविषयी ‘त्याच्या ठायी आत्मविश्वासच नाही’ असे आपण सहज बोलून जातो. जणू काय तो नाकडोळ्यांप्रमाणे जन्मतःच लाभणारा गुण आहे! म्हणून या शब्दाचा थोडा विचार करणे अप्रासंगिक होणार नाही.

श्वास घेणे या अर्थाच्या ‘श्वस्’ धातूस ‘वि’ हा उपसर्ग लागून ‘विश्वास’ शब्द सिद्ध होतो. ज्याच्यापाशी मन निःशंकपणे निःश्वास टाकते, त्याच्यावर आपला विश्वास असतो, असे म्हणता येईल. तो मागून मिळत नाही; अनुभवाने जडतो. दुकानदाराने दहा वेळा पुरे वजन दिले, की अकराव्या वेळी आपण तराजूकडे पाहत नाही. हाच न्याय स्वतःस लावावा. स्वतःला दिलेला शब्द ज्याने पुनःपुन्हा पाळला, त्याचाच स्वतःवर भरवसा बसतो. अहंकाराला दुसऱ्याच्या न्यूनत्वाचा आधार लागतो; आत्मविश्वासाला केवळ आपल्या कामाचा. फारसीतून आलेली ‘उमेद’ही त्याची सोयरीच, पण उमेद म्हणजे आशा. ती कार्यारंभी असते. आत्मविश्वास कार्य करता करता येतो.

आनंदीबाई जोशी यांनी १८८३ साली, वयाची अठरा वर्षेही पुरी झालेली नसताना, बंगालमधील श्रीरामपूर येथे भरसभेत इंग्रजीत भाषण केले आणि आपण वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस का जात आहोत, हे आक्षेपकांना सांगितले. १८८६ साली पेनसिल्व्हेनियात त्यांनी ती पदवी संपादन केली. श्रीरामपूरचे ते धैर्य आकाशातून पडले नव्हते; त्यामागे बालवयापासूनचा खडतर अभ्यास होता.

तेव्हा पालकांस माझी विनंती अशी, की मूल चुकेल या भयाने त्याच्या हातचे काम काढून घेऊ नका. बँकेचा कागद त्याला भरू द्या. चुकला तर दुसरा भरू द्या. आणि संस्थेस एक सूचना : गुणवंतांस आपण पारितोषिके देतो, ते योग्यच आहे. परंतु एकदा अनुत्तीर्ण होऊन पुन्हा नेटाने परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्यासाठीही एक पारितोषिक राखून ठेवावे. या व्यासपीठावर त्याचे नाव पुकारले गेले, तर ‘आत्मविश्वास’ हा शब्द त्याला कोशात शोधावा लागणार नाही.