खांब कुणाचा, तुळई कुणाची?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी विद्वानांची व्याख्याने होत असतात. ज्ञातीचा इतिहास, स्त्रीशिक्षण, विवाहखर्चातील काटकसर अशा विषयांवरचे उत्तमोत्तम विचार आपण येथे ऐकलेले आहेत. आज आम्ही जो विषय घेऊन उभे आहोत तो त्या मानाने फारच रुक्ष आहे. विटा, सिमेंट, लोखंडी सळ्या आणि मुद्रांकाचा कागद यांपलीकडे त्यात काही नाही. तथापि विद्यार्थी साहाय्यक निधीच्या हिशेबात मध्यंतरी जी तूट आली व जिच्याविषयी सर्वसाधारण सभेत आपण रास्त प्रश्न विचारलेत, ती या रुक्ष विषयाची हेळसांड केल्यामुळेच आली. त्या हेळसांडीस जे विश्वस्त जबाबदार होते त्यांपैकी आम्ही एक. सबब या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार नसला तरी ते आमचे कर्तव्य आहे.

हकीकत थोडक्यात अशी. आपल्या इमारतीच्या तळमजल्यावर दुकानांचे गाळे आहेत आणि वर वसतिगृह आहे. गाळ्यांच्या भाड्यातून शिष्यवृत्त्या दिल्या जातात, ही आपल्या वाडवडिलांनी घालून दिलेली सोय. एका गाळ्याचा करार आम्हीच केला. त्यात भाडे, मुदत, अनामत रक्कम, वीजबिल, सारे काही तपशीलवार लिहिले होते. दुरुस्तीविषयी मात्र एकच ओळ होती : ‘गाळ्याची किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी.’ आम्ही ती वाचली, मान डोलावली आणि सही केली.

पुढे त्या गृहस्थांनी माल ठेवण्यासाठी गाळ्यात माळा काढला व त्याच्या लोखंडी पट्ट्या बसवण्याकरिता तुळई ठिकठिकाणी फोडली. त्याच तुळईवर वसतिगृहाच्या मोरीचे पाणी वर्षानुवर्षे झिरपत होते, तिकडे आमचे लक्ष नव्हते. एका पावसाळ्यात रात्री तुळईच्या खालचा थर धाडकन खाली आला. गाळा बंद होता म्हणून कुणास इजा झाली नाही, ही ईश्वराची कृपा. अभियंत्यांनी येऊन पाहिले, तो आतल्या सळ्या गंजून सुतळीसारख्या झालेल्या. त्याच दिवशी टेकू लावावे लागले.

मग प्रश्न आला खर्चाचा. आम्ही म्हणालो, “तुळई आपण फोडलीत.” ते म्हणाले, “तुळई मंडळाची. ती दुरुस्त करणे म्हणजे किरकोळ दुरुस्ती नव्हे. आणि माळा काढला तेव्हा तुमचे चिटणीस माझ्याच दुकानात चहा घेऊन गेले. त्या वेळी हरकत का नाही घेतलीत?” यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. वकिलांकडे गेलो. त्यांनी करार दोनदा वाचला व म्हणाले, “कागद याबाबतीत काहीच बोलत नाही.” अखेर खर्च निधीतून झाला आणि त्या वर्षी नव्या अर्जदारांस शिष्यवृत्ती नाकारावी लागली.

कागद बोलत नाही, तेव्हा कायदा बोलतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या चौदाव्या कलमाप्रमाणे भाडेकरूने उलट करार केलेला नसेल, तर जागा सुस्थितीत राखण्याची जबाबदारी घरमालकाची असते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याचे १०८ वे कलम भाडेकरूवरही बंधन घालते : त्याने जागा शहाण्या माणसाप्रमाणे वापरावी, तिला कायमची हानी पोचेल असे कृत्य करू नये आणि परत देताना, रास्त झीज वजा जाता, घेतली तशी परत द्यावी. परंतु घेतली तेव्हा ती कशी होती, हे आम्ही कुठे लिहून ठेवले होते? तुळईचे एक छायाचित्र करारास जोडले असते, तरी पुष्कळ काम झाले असते.

येथे इमारतीचे मुख्य अवयव म्हणजे काय, हे स्पष्ट केले पाहिजे. पाया, खांब, तुळया, स्लॅब आणि भार पेलणाऱ्या भिंती, हे ते अवयव. फरशी, रंग, दारे, नळ ही इमारतीची वस्त्रे होत. ती फाटली तर बदलता येतात व ज्याची त्याने बदलावी. खांबाचे तसे नाही. तो दिसतो आपल्या खोलीत, पण वरच्या सर्व मजल्यांचे ओझे त्याच्यावर असते. त्यात पाणी शिरले की सळी गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्या दाबाने भोवतालचे काँक्रीट तडकते आणि त्या तड्यातून आणखी पाणी आत जाते. म्हणून ज्या करारात ‘दुरुस्ती’ हा एकच शब्द या दोहोंकरिता वापरलेला असेल, तो करार अपुरा समजावा.

बांधणाऱ्यावर ही जबाबदारी टाकण्याची कल्पना नवी नाही. प्राचीन बाबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या कायद्यात असा नियम होता की, भिंत ढासळू लागली तर बांधणाऱ्याने ती स्वखर्चाने मजबूत करून द्यावी. फ्रान्सच्या १८०४ च्या नागरी संहितेने ही जबाबदारी दहा वर्षांची ठरवली. आपल्याकडे सदनिकांच्या १९६३ च्या ‘मोफा’ कायद्यात तीन वर्षांची मुदत आहे आणि २०१६ च्या ‘रेरा’ कायद्याने ती पाच वर्षे केली. ताबा दिल्याच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील दोष विकासकाच्या नजरेस आणला, तर त्याने जादा पैसे न घेता तीस दिवसांत तो दूर केला पाहिजे. न केल्यास भरपाई मागता येते.

आपल्या ज्ञातीतील अनेक कुटुंबे आता चाळी सोडून सदनिकांत राहावयास गेली आहेत. त्यांस आमची विनंती अशी की, या पाच वर्षांच्या भरवशावर निर्धास्त राहू नये. सदनिका विक्रीच्या ठरीव नमुना करारातच एक अट आहे. घेणाऱ्याने खांब, तुळया इत्यादींत फेरफार केला, किंवा लेखी संमतीवाचून स्नानगृह व स्वयंपाकघरात पाणी झिरपेल अशी मोडतोड केली, तर विकासकाची ही जबाबदारी संपुष्टात येते. खांब, तुळई, स्लॅब छिन्नीने फोडणार नाही, असेही आपण त्याच कागदावर लिहून देतो. ओटा मोठा करण्यासाठी गवंड्यास बोलावण्यापूर्वी ते पान घरातील सर्वांनी वाचावे. गृहिणींनी तर अवश्य वाचावे, कारण गवंडी येतो तेव्हा बहुधा घरी त्याच असतात.

ती मुदत संपल्यावर भार आपल्याच संस्थेवर येतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या भिंती, गच्ची, जिने, छताची मूळ दुरुस्ती व पावसाची गळती हे काम संस्थेचे. मोरी, सिंक यांतून होणारी आतली गळती संबंधित सभासदांची. वरच्या घरातील मामा आणि खालच्या घरातील काका यांचे बोलणे या एका गळतीपायी बंद झाल्याची उदाहरणे आपल्यात थोडी नाहीत. दोघांनी उपविधी आधी वाचले असते तर लग्नकार्यात पाठ फिरवण्याची वेळ आली नसती. त्याच उपविधींत आणखी एक गोष्ट सांगितली आहे : इमारत पंधरा ते तीस वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी, आणि तीस वर्षांवरची असेल तर दर तीन वर्षांनी, तिची संरचनात्मक तपासणी करून घ्यावी. तपासणीची वर्गणी मागितली की सभासद कुरकुरतात. आम्हीही कुरकुरत असू.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्या मंडळाच्या इमारतीच्या पुनर्विकासाचा मसुदा लवकरच सभेपुढे यावयाचा आहे. चर्चा होईल ती सभागृह किती मोठे मिळणार व किती खोल्या वाढणार याची. ती व्हावी. परंतु आमची नम्र सूचना आहे की, पुढील गोष्टी मसुद्यात स्पष्ट शब्दांत असल्यावाचून कुणीही हात वर करू नये. मुख्य अवयव कोणते, याची यादी. त्यांतील दोषाची जबाबदारी किती वर्षे व कोणत्या तारखेपासून. दोष कसा कळवावयाचा आणि किती दिवसांत दूर व्हावयाचा. दोष आहे की नाही यावर मतभेद झाल्यास कोणत्या तटस्थ अभियंत्याचा निर्णय मानावयाचा. विकासकाने टाळाटाळ केली तर खर्च कोणत्या अनामत रकमेतून वसूल करावयाचा. मंजूर नकाशे व सळ्यांची रेखाचित्रे मंडळाच्या दप्तरी जमा झाली पाहिजेत. आणि गाळ्यांच्या नव्या करारांत, मंडळाच्या लेखी परवानगीवाचून माळा काढावयाचा नाही, अशी अट हवी.

विकासक सज्जन आहेत, त्यांच्याविषयी संशय का घ्यावा, असे कुणी म्हणेल. आमचे ते भाडेकरूही सज्जनच होते. आजही ते भेटले की आदराने नमस्कार करतात. दोष त्यांच्या स्वभावात नव्हता, आमच्या कागदात होता. सज्जनांमधील संबंध टिकावेत म्हणूनच कागद नीट लिहावयाचा असतो.

ज्यांस त्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली नाही, त्यांपैकी एका मुलाचे वडील आमच्याकडे आले होते. ते रागावले नाहीत. “पुढच्या वर्षी तरी पाहा,” एवढेच म्हणाले. नवा मसुदा वाचावयास घ्याल तेव्हा त्या गृहस्थांची आपण आठवण ठेवावी, इतकी विनंती आहे.